पाचवीनंतर शाळा किती लांब?

आपल्या बैठकांमध्ये जिल्हा परिषदेची शाळा हा विषय निघतोच असं नाही. मारहाणीच्या केसेस येतात, पोटगी येते, रेशन येतं, बचत गटाचं कर्ज येतं, दारूबंदीचे ठराव येतात. शाळा म्हटलं की ‘तो शिक्षण खात्याचा प्रश्न’, ‘त्यासाठी शिक्षकांच्या संघटना आहेत की’ असं म्हणून आपण पुढच्या विषयाकडे वळतो. माझं म्हणणं असं, की निदान सोलापूर जिल्ह्यात तरी हा प्रश्न खात्यावर आणि शिक्षक संघटनांवर सोडून चालणार नाही. इथे मुलीचं लग्न कोणत्या वर्षी होणार हे पुष्कळदा तिच्या घरापासून पुढची शाळा किती लांब आहे यावर ठरतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९-२१ मध्ये झाली. २० ते २४ वयाच्या बायकांना विचारलं, की तुमचं लग्न अठराच्या आत झालं का. महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के जणींनी ‘हो’ म्हटलं. सोलापूर जिल्ह्यात सुमारे ४० टक्के. म्हणजे आपण परभणी आणि बीडच्या पंगतीला बसलो आहोत. आणि हा काही नुसता दुष्काळी, कोरडा जिल्हा नव्हे. उजनीचं धरण आपल्या उशाला आहे, तीसहून अधिक साखर कारखाने आहेत, सांगोल्याचं डाळिंब परदेशात जातं, सोलापूरची चादर घराघरात आहे. तेव्हा ‘गरिबीमुळे होतं हो’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. गरिबी आहेच. पण बालविवाह होणारी सगळी घरं गरीब नसतात, हे आपण सगळ्याजणी जाणतो. लग्नाचा मांडव पाहिला तरी कळतं.

एम.एस.डब्ल्यू.ला असताना आम्हाला ‘गळती’ हा शब्द शिकवला होता. शाळेतून मुलींची गळती. परीक्षेत मीही तो पानपानभर लिहिला. गावात काम करू लागल्यावर मात्र त्या शब्दाचा राग यायला लागला. नळ गळतो, छप्पर गळतं. मुलगी गळत नाही. तिला काढून घेतात. कोणीतरी एका ठरावीक दिवशी ठरवतं, की उद्यापासून हिने जायचं नाही. तो दिवस कोणता असतो, हे मी गेली काही वर्षं जिथे जाईन तिथे बायकांना विचारत आले आहे. उत्तर बहुतेक एकच येतं: ‘गावातली शाळा संपली तेव्हा.’

आता ही ‘गावातली शाळा संपते’ म्हणजे काय ते नीट पाहू. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यांतलं प्राथमिक शिक्षण त्यांच्या हाती गेलं. आज सोलापूर जिल्हा परिषदेच्या शाळा पावणेतीन हजारांच्या आसपास आहेत. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत अकरा तालुक्यांत पसरलेल्या. गावात तिला कोणी जिल्हा परिषद शाळा म्हणत नाही, ‘मराठी शाळा’ म्हणतात. (अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे ती कन्नड शाळाही असते, पण ते असो.) यातल्या बऱ्याच शाळा गावठाणात नाहीत, वस्त्यांवर आहेत. आपल्याकडे कालव्याचं आणि बोअरचं पाणी आलं तशी कुटुंबं गावठाण सोडून रानात राहायला गेली. माढा, पंढरपूर, माळशिरस, सांगोला, कुठेही जा. गाव इथे आणि त्याच्या सात-आठ वस्त्या तीन-चार किलोमीटरच्या परिघात. २००० च्या सुमारास राज्याने वस्तीशाळांची योजना आणली ती अशाच ठिकाणांसाठी. तिथल्याच शिकलेल्या मुलामुलींनी तुटपुंज्या मानधनावर झाडाखाली, देवळात, कोणाच्या तरी पडवीत वर्ग चालवले. त्यांना कायम व्हायला २०१४ उजाडलं. पण त्या शाळांनी एक गोष्ट केली, जी मोठमोठ्या घोषणांना जमली नव्हती. शाळा मुलीच्या दारात आणून ठेवली. शेणकूर करून, लहान भावाला कडेवर घेऊन का होईना, मुलगी शाळेत येऊ लागली.

ही शाळा चौथीला किंवा पाचवीला संपते. मग गावातली सातवीपर्यंतची, कुठे आठवीपर्यंतची. मग नववी-दहावीसाठी मोठ्या गावचं हायस्कूल, ते बहुतेक एखाद्या शिक्षण संस्थेचं. अकरावी-बारावीला तालुका. म्हणजे मुलगी वयाने जसजशी मोठी होते, तसतशी शाळा लांब जाते. मुलगी न्हाती-धुती झाली की घरचे तिला जवळ ओढणार, आणि नेमक्या त्याच वेळी सरकार तिला लांब बोलावणार. या ओढाताणीत कोण जिंकतं ते सांगायला नको.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. महाराष्ट्राच्या नियमांत लिहिलं आहे: पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. कागदावर पाहिलं तर तीन किलोमीटर काही फार नाही. मुलगा सायकलवर टांग मारतो आणि पंधरा मिनिटांत पोचतो. पण हे अंतर मोजलं कोणत्या महिन्यात? आपल्याकडे पावसाळ्यापासून थेट तोड होईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन पुरुष उंचीचा ऊस उभा असतो. पंढरपूर तालुक्यातल्या एका आईने मला सरळ सांगितलं, ‘ताई, ऊस उभा असला की मी पोरीला एकटी सोडत नाही. ऊस तुटला की बघू.’ ऊस तुटतो फेब्रुवारी-मार्चला. तोवर वर्ष गेलेलं असतं. कायद्याच्या पट्टीवर किलोमीटर आहेत. ऊस नाही, संध्याकाळी पाचनंतरचा अंधार नाही, फाट्यावर मोटारसायकली लावून उभी असलेली पोरं नाहीत. त्या आईला मागासलेली ठरवणं सोपं आहे. मी तरी ठरवणार नाही. तिने धोका ओळखला आहे. चूक एवढीच, की त्या धोक्याची शिक्षा ती मुलीला देते. आणि तिच्याकडे दुसरा उपायही आपण कोणी ठेवलेला नाही.

आणि आठवीनंतर तर कायदाच गप्प होतो. शिक्षणाचा हक्क सहा ते चौदा वयाचा. लग्नाचं कायदेशीर वय अठरा. मधली चार वर्षं मुलगी कोणाची? शाळेची नाही, सासरचीही नाही. या चार वर्षांतच तिला ‘बघायला’ येतात.

इथे शेजारी जरा डोकावून पाहावं. बार्शी ओलांडून धाराशिव जिल्ह्यात गेलं की मोठ्या गावांत ‘जिल्हा परिषद प्रशाला’ अशी पाटी दिसते. तिथे दहावीपर्यंतचे वर्ग जिल्हा परिषदच चालवते. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तिथली सरकारी हायस्कुलं पुढे जिल्हा परिषदांकडे आली. आपण मुंबई इलाख्यातले; इथे माध्यमिक शिक्षण संस्थांनी उभं केलं. त्या संस्थांचे उपकार कोणी नाकारत नाही. पण परिणाम असा झाला, की सोलापूर जिल्हा परिषदेची स्वतःची हायस्कुलं मोजकीच, आणि नववीचा वर्ग कुठे निघणार हे ठरवलं ते संस्थेच्या सोयीने, बाजारपेठेच्या गावाने, पुढाऱ्याच्या मतदारसंघाने. कुठल्या वस्तीवरून किती मुली चालत येऊ शकतील, असा विचार करून काढलेलं हायस्कूल माझ्या पाहण्यात नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या रचनेप्रमाणे प्राथमिक शाळांना पाचवी आणि आठवीचे वर्ग जोडायची वेळ आली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी ओरड झाली ती ‘आमच्या हायस्कूलच्या तुकड्या कमी होतील, शिक्षक अतिरिक्त ठरतील’ अशी. शिक्षकाची नोकरी जाऊ नये हे मलाही वाटतं. पण त्या वादात आठवीचा एक वर्ग गावात राहिल्याने किती मुलींचं एक वर्ष वाचेल, हे बोलायला आपल्यापैकी कोणी हजर नव्हतं.

आता दुसरी बाजू. शाळा पुढे सरकत नाही एवढंच नाही, होती तीही मागे घ्यायचं चाललं आहे. २०१७ च्या डिसेंबरात राज्यात दहाच्या आत पट असलेल्या सुमारे तेराशे शाळा बंद करून जवळच्या शाळेत मुलं ‘समायोजित’ करण्याचा निर्णय झाला. २०२२ मध्ये वीसच्या आत पट असलेल्या शाळांची माहिती मागवली गेली. अशा शाळा निघाल्या पंधरा हजारांच्या घरात. २०२३ मध्ये ‘समूह शाळा’ आली: लहान शाळा मिळून एक मोठी, सुसज्ज शाळा करायची, मुलांना गाडीने आणायचं. उदाहरणं दिली पानशेतची आणि तोरणमाळची. मग १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा शासन निर्णय. त्यात सहावी ते आठवीच्या गटात पट वीसच्या आत असेल तर शिक्षक न देण्याचा निकष आला. शिक्षकांनी त्यावर आंदोलनं केली, सप्टेंबर २०२४ मध्ये सामूहिक रजा टाकून जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्चे काढले. बरोबरच केलं. पण त्या सगळ्या गदारोळात भाषा होती पदांची, पटाची, कंत्राटी भरतीची. सहावी ते आठवी म्हणजे अकरा ते चौदा वयाच्या मुली, हे वाक्य मी तरी एकाही भाषणात ऐकलं नाही.

या निर्णयांमागचं अर्थशास्त्र साधं आहे. दर मुलामागे खर्च किती. बारा मुलांना दोन शिक्षक, परवडत नाही. पण हा हिशेब मांडणाऱ्याने दुसऱ्या पानावर काय लिहिलं? शाळा दोन किलोमीटर लांब गेल्यावर लहानग्यांना सोडायला-आणायला कोण जाणार? आई. तिची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडणार, ती कोणत्या खात्यात जमा? की मोठ्या बहिणीला घरी बसवून तिला ते काम देणार? वाहतूक भत्त्याची तरतूद आहे म्हणतात. भत्ता पैशात येतो, उशिरा येतो. गाडी येत नाही. सरकारची बचत ही बहुतेक वेळा बाईच्या फुकटच्या कामावर काढलेली उचल असते, हे आपण रॉकेलपासून पाण्यापर्यंत प्रत्येक प्रश्नात पाहिलं आहे. इथेही तेच.

शिवाय पट मोजतात कधी? ३० सप्टेंबरला. त्या दिवशीची संख्या धरून शिक्षकांची पदं ठरतात. आता सोलापूरकरांना हे सांगायला नको, की आपल्याकडे माणसं हलतात ती त्यानंतर. दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे भोंगे वाजतात आणि बीड, धाराशिव, जालन्याकडून तोडणीच्या टोळ्या येऊन आपल्या शिवारात कोप्या टाकतात. त्यांच्याबरोबर आलेली मुलं आपल्या पटात कधीच धरली जात नाहीत. एकेकाळी त्यांच्यासाठी साखरशाळा होत्या. शिक्षण हक्क कायद्यानंतर या मुलांनी जवळच्या नियमित शाळेत जायचं असं ठरलं. तत्त्व म्हणून योग्य. पण ज्या शाळेचा पट सप्टेंबरात अठरा होता म्हणून तिचा शिक्षक काढला, तिच्या दारात नोव्हेंबरात आणखी वीस मुलं उभी राहिली, तर त्यांना घेणार कोण? आणि ती सगळी मुलं येत नाहीतच. मुलगी कोपीवर थांबते. आई कोयता घेऊन पहाटे गेलेली असते, धाकटं भावंडं सांभाळायचं असतं, भाकरी थापायच्या असतात. बारा-तेरा वर्षांची झाली की तिचं लग्न लावून तिच्या नवऱ्यासह नवा ‘कोयता’ तयार करतात. जोडप्याला उचल मिळते, एकट्याला कमी मिळते. पटावर नसलेली मुलगी शाळेतून गेल्याची नोंदही होत नाही.

मी हे सगळं लिहिते आहे तेव्हा कोणीतरी परितेवाडीचं नाव काढणार हे मला माहीत आहे. काढावंच. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलर, आपल्या पैशांत सात कोटींच्या वर. त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकले. ते २००९ मध्ये तिथे गेले तेव्हा शाळा जनावरांच्या गोठ्याला लागून होती. पुस्तकांत क्यूआर कोड घालण्याची त्यांची युक्ती पुढे राज्याने उचलली. २०२२ मध्ये त्यांच्या रजेवरून आणि राजीनाम्यावरून जो वाद झाला त्यात मला पडायचं नाही. मला महत्त्वाची वाटते ती पुरस्काराच्या वेळी नोंदवलेली दुसरी गोष्ट: त्या शाळेत मुलींची हजेरी शंभर टक्क्यांवर गेली आणि गावातले कोवळ्या वयातले विवाह थांबले. सगळ्या वर्तमानपत्रांनी क्यूआर कोडवर रकाने भरले. मुलींच्या लग्नाचं एका ओळीत उरकलं. शिक्षक घरोघर जातो, मुलगी दोन दिवस आली नाही तर तिसऱ्या दिवशी तिच्या दारात उभा राहतो, तेव्हा लग्न ठरवणाऱ्यांचा हात थबकतो. यात मला काडीचीही शंका नाही. पण ती एका माणसाची मेहनत झाली. तो शिक्षक बदलून गेला, किंवा मुलगी त्याच्या शाळेतून पुढच्या गावी गेली, की तिच्या मागे कोण? एका जागतिक पुरस्काराने पावणेतीन हजार शाळांचा प्रश्न सुटल्यासारखं जिल्ह्याने मानलं, याची मला खंत वाटते.

इथे लहान शाळांची भलामण करतेय असं वाटू नये. दहा मुलांची, चार इयत्तांची, एक शिक्षक रजेवर आणि दुसरा मीटिंगला अशी शाळा मी पाहिली आहे. तिथे मुलं पाढे ओरडतात आणि दुपारी खिचडी खाऊन घरी जातात. आणि पट कमी का झाला, तर गावातल्या ऐपतीच्या माणसांनी आपली मुलं पिवळ्या बसमध्ये बसवून इंग्रजी माध्यमात घातली. मुलं म्हणजे मुलगे. एकाच घरातला मुलगा टाय लावून बसमध्ये आणि मुलगी चालत मराठी शाळेत, हे दृश्य आता नवं राहिलेलं नाही. म्हणून तर जिल्हा परिषदेच्या शाळा अधिकाधिक मुलींच्या आणि गरिबांच्या होत चालल्या आहेत. आणि ज्यांच्या मुली तिथे आहेत त्यांचा आवाज कमी, म्हणून त्या बंद करणंही सोपं. तेव्हा वाईट लहान शाळा तशीच राहू द्या असं मी म्हणत नाही. पाचवीपर्यंतची शाळा वस्तीवरच हवी आणि तिथे दोन शिक्षक हवेत. त्यापुढचे वर्ग एकत्र करायचे असतील तर आधी गाडी सुरू करा, वर्षभर चालवून दाखवा, मग वर्ग हलवा. आज सगळं उलट क्रमाने होतं.

गाडीचं महत्त्व आपण एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. पाचवीपासून पुढच्या मुलींना एस.टी.चा मोफत पास अहिल्याबाई होळकरांच्या नावाने १९९६ पासून मिळतो. खेड्यातल्या मुलीला बाहेर काढणाऱ्या ज्या थोड्या चांगल्या योजना झाल्या त्यातली ही. करोनात मार्च २०२० पासून शाळा बंद होत्या. ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले. आणि महिनाभरात एस.टी.चा संप सुरू झाला, तो थेट एप्रिल २०२२ पर्यंत. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांबद्दल इथे बोलत नाही. त्यांची स्थिती वाईटच होती. पण दीड वर्ष घरी बसलेल्या मुली ज्या महिन्यांत शाळेत परतायच्या, त्याच महिन्यांत त्यांची गाडी बंद होती. मुलगे कोणाच्या तरी गाडीवर तिघं बसून गेले. त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात किती घरांतून आम्हाला ‘उरकून टाकलं’ हे ऐकायला मिळालं! मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट झालं, त्याचा आनंदच आहे. पण वस्तीच्या फाट्यावर सकाळी दहाला आणि संध्याकाळी साडेपाचला गाडीच नसेल, तर अर्धं काय आणि मोफत काय.

पैशांच्या योजनांची गत आणखी मजेशीर. दारिद्र्यरेषेखालच्या दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त मुलींना पहिली ते चौथीत रोज एक रुपया उपस्थिती भत्ता द्यायची योजना १९९२ साली सुरू झाली. रोज एक रुपया. त्या वेळी त्या रुपयाला काही अर्थ असेल. पुढच्या तीस वर्षांत आमदारांचं मानधन कितीदा वाढलं ते मोजायला मी बसले नाही. हा रुपया मात्र रुपयाच राहिला. आता एका रुपयात लिमलेटची गोळी येते.

शाळा बंद होण्याने आणखी एक गोष्ट जाते, आणि ती आपल्या कामाची आहे. बालविवाह थांबवायला आपण जातो तेव्हा पहिला प्रश्न येतो वयाचा. घरचे म्हणतात, ‘एकोणीस पूर्ण आहेत.’ तेव्हा हाती लागतो तो शाळेचा दाखला, किंवा जनरल रजिस्टरचा उतारा. कायदाही वयाच्या पुराव्यात शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याला पहिल्या क्रमांकात धरतो. मुलगी लहान आहे हे सांगणारा गावातला सगळ्यात भक्कम कागद शाळेच्या कपाटात असतो. शाळा बंद झाली की ते रजिस्टर दुसऱ्या गावच्या कपाटात जातं. रविवारी सकाळी अकराच्या मुहूर्तावर लग्न असेल, तर ते कपाट कोण उघडणार? २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे. तो तरी मांडव पडल्यावर कळणार. गुरुजी-बाईंना मुलगी यायची थांबते त्याच आठवड्यात कळतं. आणि त्यांच्याही आधी कळतं ते खिचडी करणाऱ्या मावशींना.

या मावशींबद्दल थोडं लिहिलंच पाहिजे. शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या बाया बहुतेक गावातल्याच, त्यात विधवा, टाकलेल्या पुष्कळ. २०२३ मध्ये त्यांचं मानधन महिना अडीच हजार झालं. सुट्टीचे महिने वगळून. धुरात किंवा गॅसच्या टाकीची वाट बघत शंभर पोरांचं जेवण, भांडी, झाडलोट, पाणी. कुठली मुलगी उपाशी येते, कुणाच्या घरी पाहुणे येऊन गेले, कुणी कानातलं नवीन घातलंय आणि का, हे त्यांना माहीत असतं. एका शाळेत मावशींनी निरोप दिला म्हणून आम्ही वेळेत पोचलो. पण त्यांना कोणी कुठल्या समितीवर घेत नाही. शाळा बंद झाली तर त्यांचं काम जातं, आणि त्याची बातमीही होत नाही.

समित्या मात्र आहेत. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि निम्म्या स्त्रिया. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने ‘सखी सावित्री समिती’ आली. मुलींची शंभर टक्के पटनोंदणी आणि बालविवाह रोखणं हे तिच्या कामातच लिहिलं आहे. अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीची स्त्री सदस्य, पोलीस पाटील, पालक सगळे तिच्यावर. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा कळलं की ही समिती कितीतरी ठिकाणी नावालाही नव्हती. मग घाईने याद्या झाल्या. मी काही शाळांत विचारलं, तर समितीवर नाव असलेल्या बाईलाच पत्ता नव्हता. ठरावाच्या वहीवर सही घरी आणून घेतलेली. हे फक्त शाळेचं पाप नाही. व्यवस्थापन समितीच्या निवडीच्या पालकसभेला गावातले पुढारी झाडून हजर असतात, कारण बांधकामाचा निधी येतो. आपल्या गटातल्या बाया नसतात, कारण ती वेळ खुरपणीची. मग निम्म्या जागांवर त्या पुढाऱ्यांच्या बायका. मार्च २०२२ ला जिल्हा परिषदेची मुदत संपून पुढे कित्येक वर्षं प्रशासकाचा कारभार झाला. पन्नास टक्के आरक्षणातून आलेल्या बायकाही त्या काळात सभागृहात नव्हत्या. त्या काळात गावच्या शाळेची समिती हीच काय ती पालकांच्या हातातली जागा होती, आणि तीही आपण रिकामी ठेवली.

सोलापूर शहरातली गोष्ट वेगळी, तरी फार वेगळी नाही. महापालिकेच्या शाळांत मराठी, उर्दू, तेलुगू, कन्नड अशी माध्यमं. पूर्व भागातल्या विडी कामगार बाईची मुलगी शाळेतून आली की सुपात पानं घेऊन बसते, कारण हजार विड्या एकट्या आईच्या हाताने पुऱ्या होत नाहीत. विडी कामगार बायकांनी लढून कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी केली, २००६ मध्ये चाव्या मिळाल्या. पुढे जानेवारी २०२४ मध्ये रे नगरची घरं झाली. बायकांच्या लढ्याने मिळालेली एवढी घरं देशात फार ठिकाणी नसतील. त्या लढ्यातून शिकण्यासारखं आहे: घराची मागणी करताना या बायका आकड्यांनिशी गेल्या होत्या. शाळेच्या बाबतीत आपल्याकडे आकडेच नाहीत.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गटाने आपल्या गावात आणि वस्त्यांवर एक कागद करावा. गेल्या तीन वर्षांत पाचवी झालेल्या मुली किती, त्यातल्या सहावीत किती गेल्या; आठवी झालेल्या किती, नववीत किती; दाखला नेला पण पुढच्या शाळेत पोचलाच नाही अशा किती. पुढची शाळा किती लांब, रस्ता कसा, एस.टी. किती वाजता. नावं लिहायची नाहीत, फक्त संख्या. एखाद्या मुलीची बदनामी व्हायला गावात फार काही लागत नाही. ही माहिती शाळेत आहे, पालक म्हणून मागता येते, नाही दिली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. हा कागद ग्रामसभेत ठेवायचा, गटशिक्षणाधिकाऱ्याला द्यायचा, एस.टी.च्या आगार व्यवस्थापकालाही द्यायचा. मागण्या तीन. वस्तीवरची पाचवीपर्यंतची शाळा पालकसभेत बायकांच्या संमतीशिवाय बंद करायची नाही. मोठ्या गावांत जिल्हा परिषदेने स्वतः नववी-दहावीचे वर्ग काढावेत, धाराशिवला जमतं ते इथे का जमू नये. आणि पट मोजायचा तर गळीत हंगामात पुन्हा एकदा, जानेवारीत, कोप्यांवरच्या मुलांसकट मोजा. व्यवस्थापन समितीवर खिचडी करणारी एक मावशी असावी अशी माझी चौथी मागणी आहे, पण आमच्या बैठकीत तिच्यावर एकमत झालेलं नाही.

आम्ही दोन तालुक्यांत या कागदाला सुरुवात केली आहे. ३० सप्टेंबरच्या आत पहिली फेरी पुरी करायची आहे. ज्या गटांना नमुना हवा असेल त्यांनी अंकाच्या पत्त्यावर कळवावं. सांगोला आणि मंगळवेढ्याकडून कोणी तयार असेल तर आधी कळवावं, तिकडे आमच्याकडे माणसं कमी आहेत.